अकरा तक्रारी आणि एक हरकत

अभय तांबे वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत. हरवलेली गुणपत्रके, बदललेली नावे आणि जमिनींच्या जाहीर सूचना ज्या पानावर बारीक टाइपात कोंबलेल्या असतात, त्या पानावर ते हातात पेन्सिल घेऊन रोज चाळीस मिनिटे घालवीत. एका महामंडळाचा पत्रव्यवहार छत्तीस वर्षे सांभाळून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला, दुसऱ्याच्या सूचनेत चुकलेला स्वल्पविराम सापडला की दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटते. त्या मंगळवारी मात्र स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते आणि जागाच हलली होती.

"शर्मिला," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "आपली खाडी चालली."

"भरती संपली असेल," शर्मिलाबाई आतून म्हणाल्या.

सूचनेत लिहिले होते ते असे : सारसोळे गावालगतच्या, खाडीकाठच्या भूखंडाचा सध्याचा वापर 'मोकळी जागा', प्रस्तावित वापर 'औद्योगिक'. तिथे सात मजली डेटा सेंटर येणार होते. नागरिकांनी हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. हे तीस दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजायचे असल्यामुळे त्यांतले एकवीस अगोदरच संपले होते.

तांब्यांच्या बाल्कनीतून नेमका तोच भूखंड दिसे आणि त्याच्यापलीकडे खाडी. नेरुळमधल्या त्यांच्या 'क्षितिज' सोसायटीला हे नाव त्या दृश्यावरून पडले होते. नावाला आधार राहणार नाही, ही बाब अभयरावांना इमारतीचा एखादा खांब काढून नेण्याइतकी गंभीर वाटली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. पश्चिमेकडच्या विंगचे लोक संतापून आले होते, कारण त्यांचे दृश्य जाणार होते. पूर्वेकडच्या विंगचे लोक विचारपूर्वक आले होते, कारण त्यांच्या खिडक्यांतून रिक्षास्टँड दिसे आणि तो कोठेही जाणार नव्हता.

"डेटा सेंटर म्हणजे काय, हे आधी कोणी सांगेल का?" सेक्रेटरी रूपेशने विचारले. हा पस्तिशीचा, उत्साही आणि काटकसरी माणूस. जिन्यातले आपोआप लागणारे दिवे त्याने एवढे काटकसरीने बसवले होते, की दिवा लागेपर्यंत माणूस पुढच्या मजल्यावर पोचलेला असे.

"कॉम्प्युटरचं कोठार," कोणीतरी म्हणाले.

"मग आपलं वायफाय फास्ट होईल ना? शेजारीच आहे म्हटल्यावर..."

"अहो, शेजारी पाण्याची टाकी असली म्हणून तुमच्या नळाला धार वाढते का?" निवृत्त भूगोल शिक्षिका सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांनी येताना एक नकाशा आणला होता आणि तो उलगडायला माणसे मिळेनात. "यंत्रं थंड ठेवायला अखंड पंखे फिरतात. चोवीस तास घोंघावणार. जनरेटरचा धूर वेगळाच."

"रेट वाढतील पण," पूर्व विंगेतून आवाज आला. "एरियात इंडस्ट्री आली की रेट वाढतोच. टेन्शन कशाला घेता?"

"आणि एक फायदा विसरू नका," दुसरा पूर्वेचा आवाज म्हणाला, "त्या मैदानावरचा मासळीचा वास तरी कायमचा जाईल. काय तांबेसाहेब?"

सगळे हसले आणि अभयरावांकडे पाहू लागले. याला कारण होते. त्या भूखंडावर सारसोळ्याच्या बायका मासळी सुकवत. त्याच्या वासाविरुद्ध गेल्या नऊ वर्षांत सोसायटीने नियोजन कार्यालयाकडे अकरा तक्रारी केल्या होत्या आणि अकराही अभयरावांच्या सहीने गेल्या होत्या. त्यांना स्वतःला त्या वासाचा त्रास इतरांपेक्षा जास्त होई असे नाही. परंतु सोसायटीत मसुदा लिहिता येणारा माणूस एकच असला, की सगळ्यांची नाके त्याच्या हवाली होतात. दहाव्या तक्रारीच्या सुमारास त्यांना स्वतःलाही तो वास खरोखर असह्य वाटू लागला होता.

घरी ते सुके मासे खात, हे इथे नमूद केले पाहिजे. ते कोकणातले, जवळ्याच्या चटणीवाचून त्यांना भाकरी गिळवत नसे. पण ती चटणी सगळ्या खिडक्या लावून होई, आणि तो जवळा शर्मिलाबाईंच्या माहेरचा, गुहागरकडचा असे. "गावच्या मालाला वास कसा तो नाहीच," असे ते दर वेळी जेवताना म्हणत आणि शर्मिलाबाई दर वेळी त्यांना आणखी वाढत.

सभा दोन तास चालली. अखेर ठरले ते हे, की हरकत घ्यायची आणि ती तांबेसाहेबांनी लिहायची. पूर्व विंगेने मान्यता दिली, कारण लिहिण्याला पैसे पडत नव्हते.

मसुद्याला चार दिवस लागले. अभयरावांचा एक सिद्धान्त होता : सरकारी माणसावर पहिल्याच ओळीत ओरडू नये. पत्राचे पहिले पान आदराचे, दुसरे कामाचे. अकरा तक्रारींमध्ये त्यांनी हा नियम पाळला होता आणि एकाही तक्रारीचा उपयोग झाला नव्हता, ही गोष्ट सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते असे त्यांना कधी वाटले नाही. त्यानुसार पहिल्या पानावर त्यांनी राज्याच्या प्रगतीबद्दल अभिमान, नव्या युगाच्या गरजांची जाणीव आणि 'अशा प्रकल्पांचे मनःपूर्वक स्वागत' अशी चढत्या क्रमाने मांडणी केली. दुसऱ्या पानाचा पहिला शब्द होता 'तथापि'.

'तथापि'नंतर मात्र अडचण आली. दृश्य जाते म्हणून कोणी जमिनीचा वापर बदलायचे थांबवत नाही, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. जागेचा आज काहीतरी सार्वजनिक वापर चालू आहे असे दाखवायला हवे होते. तेव्हा नऊ वर्षांत प्रथमच अभयराव तो भूखंड पाहायला जिना उतरून गेले. नाकावर रुमाल धरला होता; तो तत्त्वाचा प्रश्न होता.

खाडीकाठच्या खडकाळ सपाटीवर जाळ्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर गुलाबीसर जवळा उन्हात चमकत होता. एक साठीची बाई खराट्याने तो हलक्या हाताने पसरत होती. तिने रुमालाकडे पाहिले.

"सर्दी झाली काय, साहेब?"

"नाही. म्हणजे थोडी," अभयराव म्हणाले. "आपलं नाव?"

"सुमित्राबाई. तुमी कोन? म्युनिसिपाल्टीचे?"

त्यांनी आपण शेजारच्या सोसायटीतून आल्याचे सांगितले आणि मग, कागद वाचून दाखवल्यासारखी, सूचना सांगितली. 'मोकळी जागा' या शब्दांवर सुमित्राबाईंचा खराटा थांबला.

"मोकली? मंग मी इतकी वर्सं जवला काय हवेवर टाकते? माझ्या सासूनं हितंच टाकला, तिच्या सासूनं हितंच. कागदावाल्यांनी कंदी खाली उतरून बगितला तरी काय?"

"दुसरीकडे नाही का सुकवता येणार? गच्चीवर वगैरे?"

"गच्चीवर?" त्या हसल्या. "गच्चीवाले आमाला जिन्यात उबं करत नाय. जवला आनला का दोन घंट्यात ऊन लागते त्याला, नायतर फुकट गेला. ही जागा गेली ना साहेब, तं आमच्या सतरा बायांचा धंदा गेला. मग समोर खाडी हाय, आन् आमी बाजारातून विकत घेऊन खाऊ."

अभयरावांनी रुमाल केव्हा खिशात ठेवला, ते त्यांनाही कळले नाही. "मी लिहितो," ते म्हणाले. "मला लिहिता येतं."

"तुमी लिवा. आमी सया देतो. गावातले पन देतील."

त्या रात्रीच्या जेवणाआधी दुसरे पान पूर्ण झाले. परिच्छेद चारमध्ये 'मत्स्य-वाळवणाचा पिढीजात वापर' आला आणि तो लिहिताना, आयुष्यात प्रथमच, अभयरावांना आपण लिहितो ते एखाद्या जिवंत माणसाबद्दल आहे अशी शंका आली.

प्रती काढण्याचे काम रूपेशकडे होते. कार्यालयीन शिस्तीप्रमाणे दोन्ही पानांच्या तळाशी नाव, पत्ता आणि सही यांची जागा ठेवलेली होती. रूपेशने आपल्या सोसायटीच्या, शेजारच्या सोसायटीच्या आणि सारसोळ्यातल्या चौसष्ट माणसांच्या, अशा एकूण दोनशे बहात्तर सह्या तीन दिवसांत गोळा केल्या. अभयरावांनी स्वतःचे पत्र सर्वांत वर ठेवले, गठ्ठा निळ्या फायलीत दोरीने बांधला आणि अखेरच्या दिवशी नियोजन कार्यालयाच्या आवक खिडकीवर नेऊन दिला.

खिडकीपलीकडे जागृती मॅडम होत्या. त्यांनी वरचे पत्र वाचले, अर्धे वाचून मान डोलावली आणि शिक्के मारायला घेतले. "काका, मराठी काय सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "इथे लोक येतात ते शिव्याच लिहून आणतात."

दोनशे बहात्तर शिक्क्यांचा आवाज ऐकून अभयराव घरी परतले. जाताना त्यांनी सुमित्राबाईंना पोच दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि पदराला हात पुसून परत दिली.

दहा दिवसांनी सुनावणीचे पत्र आले. त्यावर लिहिले होते : 'प्रति, श्री. अभय तांबे व इतर २७१, प्रस्तावाचे समर्थक.'

अभयरावांनी ते तीन वेळा वाचले. मग ते टायपिंगची चूक दुरुस्त करून घ्यायला कार्यालयात गेले, कारण त्यांच्या मते जगातल्या बहुतेक आपत्ती मुळात टायपिंगच्या चुका असतात.

"चूक नाही, काका," जागृती मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठा काढला. "हे बघा. अभिमान, जाणीव, मनःपूर्वक स्वागत. आता हे मी विरोधात कुठे टाकू?"

"पण दुसरं पान..."

"कुठलं दुसरं पान?"

अभयरावांनी गठ्ठा चाळला. त्यांच्या स्वतःच्या पत्राला दोन पाने होती. बाकी दोनशे एकाहत्तर पत्रांना एकेकच होते.

"काका, दोन्ही पानांवर तेच नाव, तोच पत्ता, तीच सही," रूपेश त्या संध्याकाळी म्हणाला. त्याचा चेहरा निरागस होता आणि म्हणूनच असह्य होता. "म्हटलं, डबल कशाला? तेवढाच कागद वाचला. झाडं वाचतात ना!"

"अरे, पण दुसऱ्यावर हरकत होती!"

"मग ती पहिल्यावर का नाही लिहिलीत?"

वास्तविक हा प्रश्न छत्तीस वर्षांत अभयरावांना कोणी विचारलाच नव्हता. सुनीतीबाईंनी कोर्टात जायला सांगितले. पूर्व विंगेने 'आता झालंच आहे तर रेटचं बघू' असे सुचवले. पश्चिम विंगेतल्या एका गृहस्थांनी तर त्यांना फितूर म्हटले, तेही सोसायटीच्या ग्रुपवर आणि हसऱ्या चेहऱ्यासह. पण यातले काहीच त्यांना फारसे लागले नाही. त्यांना लागली ती गठ्ठ्यातली एक सही. वाकडीतिकडी, सावकाश काढलेली, 'सुमित्रा' एवढीच. आपली जागा जावी अशी विनंती त्या बाईने स्वतःच्या हाताने केली होती आणि ती विनंती उत्तम मराठीत होती.

हे सांगायला ते मैदानावर गेले. सुमित्राबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे मीच लिवून दिला, का ही जागा घ्या?"

"सही तुमची आहे. शब्द माझे आहेत," अभयराव म्हणाले.

"तुमी लिवलाय म्हनून सही केली मी." त्या पुन्हा खराटा फिरवू लागल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरे झाले असते. "आता बोलाल ना थितं? का परत लिवनार?"

सुनावणी सोमवारी अकराला होती. सभागृहात एका बाजूला सोसायटीचे लोक, दुसऱ्या बाजूला सारसोळ्याच्या बायका बसल्या होत्या. शर्मिलाबाईही आल्या होत्या आणि का कोण जाणे, त्या सारसोळ्याच्या बाजूला बसल्या होत्या. प्रकल्पाचे सल्लागार निळ्या सूटमध्ये उभे राहिले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की अभयरावांना पुष्पगुच्छ दिला.

"स्थानिक नागरिकांचा इतका सुसंस्कृत पाठिंबा आम्हाला कुठेच मिळाला नव्हता," ते म्हणाले.

अभयराव गुच्छ धरून उभे राहिले. गुच्छ हातात असताना माणसाला कशाचाही विरोध करता येत नाही, हा शोध त्यांना त्याच क्षणी लागला. त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. "महोदय, गैरसमज झाला आहे. आमचा विरोध आहे. त्या जागेवर मासळी वाळवण्याचा पिढीजात वापर चालू आहे आणि तो..."

"एक मिनिट." सुनावणी घेणारे अधिकारी चष्म्यावरून पाहत म्हणाले. ते शांत, कागद काळजीपूर्वक हाताळणारे गृहस्थ होते. त्यांनी एक जुनी, फुगलेली फाइल पुढे ओढली. "हे अभय तांबे म्हणजे आपणच ना? या अकरा तक्रारी आपल्याच आहेत. मी त्या सगळ्या दुसऱ्या पानापर्यंत वाचल्या. या कार्यालयात तो विक्रम असावा." त्यांनी एक कागद उचलला. "'सदर ठिकाणच्या अमानुष दुर्गंधीमुळे सभ्य वस्तीचे जगणे अशक्य झाले असून, सदर मासळी-वाळवण तात्काळ व समूळ बंद करण्यात यावे.' आता आपण म्हणता, तेच वाळवण वाचवा. मी नोंद काय घ्यायची?"

अभयरावांना मागे वळून पाहायचे नव्हते. 'अमानुष' हा शब्द आपल्याला तेव्हा किती आवडला होता, ते त्यांना आठवले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुमित्राबाई उभ्या होत्या.

"साहेब, मी बोलू? ह्या मानसाला वास येत नाय. तो खोटा लिवतो."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यांच्या घरात दर पंदरा दिसांनी माझ्याच हातचा जवला जातो. नऊ वर्सं झाली. ही काय, शर्मिलाताई बसली हितं. इचारा तिला."

"अहो, काहीतरीच!" अभयराव म्हणाले. "आमचा जवळा गुहागरहून येतो."

त्यांनी पत्नीकडे पाहिले. शर्मिलाबाईंनी पर्स मांडीवर सरळ केली. "गुहागरहून यायचं ते बाबा होते तोवर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसतात. आणि तक्रारी लिहायचे थांबला असतात असंही नाही."

सारसोळ्याच्या बाजूला पहिल्यांदा हसू फुटले. मग ते पश्चिम विंगेत पोचले आणि शेवटी पूर्व विंगेत. निळ्या सूटमधल्या गृहस्थांनी हळूच पुष्पगुच्छ परत घेतला. अभयराव मात्र हसले नाहीत. नऊ वर्षे, दर पंधरा दिवसांनी, खिडक्या लावून आपण ज्याची स्तुती केली, ते सगळे जेवण त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा वाढले जात होते.

"तांबेसाहेब," अधिकारी म्हणाले, "नोंद सांगा. आणि कृपया पहिल्या पानापासून."

अभयरावांनी लघुलेखकाकडे तोंड केले. आयुष्यभर त्यांनी मजकूर सांगितला होता. पण या वेळी आदराचा परिच्छेद त्यांना सुचलाच नाही.

"लिहा. सदर जागा मोकळी नाही. तिथे सतरा स्त्रिया मासळी सुकवतात. ही जागा गेली तर त्यांचा धंदा जाईल. या वाळवणाविरुद्ध अकरा तक्रारी करणारा अर्जदार नऊ वर्षे तिथलाच जवळा खात आलेला असून... त्याला तो गावचा वाटला. इतका चांगला होता. सह्या करणाऱ्यांना माझ्या पत्राने फसवलं. त्यांची हरकत दुसऱ्या पानावर होती. पूर्णविराम."

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. समर्थनाचा गठ्ठा बाजूला ठेवून स्थळपाहणी करण्याचा आदेश त्यांनी तिथेच दिला. "मात्र या अकरा तक्रारी फायलीत असेपर्यंत कोणीही त्यांचा आधार घेऊ शकतो," ते म्हणाले. "त्या मागे घ्याव्या लागतील. प्रत्येकीचा आवक क्रमांक वेगळा आहे, तेव्हा अकरा स्वतंत्र अर्ज."

अभयरावांनी अकरा अर्ज लिहिले. प्रत्येक एका पानाचा. जागृती मॅडमनी पहिला वाचून काळजीने विचारले, "काका, तब्येत बरी आहे ना? स्वागत नाही, अभिमान नाही?"

स्थळपाहणीला तेच अधिकारी आले, ऐन उन्हात, जवळा पसरलेला असताना. जाळ्यांमधून वाट काढताना त्यांचा बूट एकदा जवळ्यात पडला आणि सुमित्राबाईंनी त्यांना त्याबद्दल असे काही सुनावले, की जागा मोकळी नसल्याचा वेगळा पुरावा लागला नाही. महिन्याभरात प्रस्ताव परत गेला. नव्या नकाशात 'सध्याचा वापर' या रकान्यात 'मासळी वाळवण' असे दोन शब्द आले. अभयरावांनी पेन्सिल घेऊन ते तपासले. चूक नव्हती.

त्या रविवारी शर्मिलाबाईंनी तव्यावर जवळा टाकला आणि सवयीने खिडकीकडे हात नेला. अभयराव उठले आणि त्यांनी ती खिडकी सताड उघडली. मग हॉलची. मग, एवढे केलेच आहे तर, जिन्याकडचे दारही.

आठवड्याच्या आत पूर्व विंगेने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. मसुदा लिहिणारा माणूसच प्रतिवादी असल्यामुळे त्यांनी जुन्या फायलीतली त्याचीच तक्रार नमुना म्हणून घेतली आणि नावे तेवढी बदलली. प्रती रूपेशने काढल्या.

अभयरावांनी लिफाफा फोडला. आत एकच पान होते. 'श्री. अभय तांबे यांचे कार्य, त्यांची निष्ठा व नागरिकांप्रती असलेली तळमळ यांबद्दल आम्हाला नितांत आदर असून आम्ही त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.' खाली चाळीस सह्या होत्या.

त्यांनी पानाची मागची बाजू पाहिली. कोरी होती. मग त्यांनी पेन्सिल उचलली, एक स्वल्पविराम जागेवर घातला आणि पोच दिली.